बसचं भाडं वाढवणारा नियम माझाच

मित्रांनो, आज दुपारपासून मन लागत नाहीये.

इथं नांदुऱ्यात शेजारच्या काकू घाईनं घरी आल्या. पुण्यात त्यांच्या मुलीचं अचानक ऑपरेशन ठरलंय. "बापू, आमचे दोघायचे बसचे तिकिटं काढून दे."

मोबाइलच्या ॲपवर एकाचं भाडं नऊशे दिसलं. काकूंनी फोनवर काकांना विचारलं, मी पुन्हा पाहिलं, तर चौदाशे. आणखी एकदा पाहिलं, सतराशे.

"काऊन वाढून राह्यलं रे? गाडी तर तेच हाय ना?"

घरी बसून मी याच ॲपसाठी भाडं ठरवणारी गणितं लिहितो. माणूस पुन्हापुन्हा शोधतोय म्हणजे त्याला गरज आहे, भाव वाढवा, हा नियम माझाच.

नऊशेच्या वरचे पैसे मी देतो म्हटलं, काकूंनी ऐकलं नाही. दोघांचं परवडेना म्हणून त्या एकट्याच गेल्या.

नियम माझा आहे हे मी सांगितलं नाही. तुम्ही असता तर त्यांना खरं सांगितलं असतं का?