निरगाठ मालकाची

नाल्याच्या वळणावर डिझेलचं इंजिन घुरघुरलं की भाऊंचा उजवा हात आपोआप दाराकडे जायचा. हातात चहाचा कप असो की कोणाचं लेकरू, ते झटकन डाव्या हातात जायचं आणि उजवा हात दाराशी लोंबणाऱ्या दोराच्या टोकावर पडायचा. मान तिरकी, श्वास बंद. गाडी ऊर्जानगरकडे निघून गेली की म्हणायचे, "गेली. कंपनीची बस होती." आणि मग उरलेला चहा प्यायचे.

फटाका वाजला की दचकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण भाऊंचं दचकणं निराळं. त्यांच्या दचकण्यावर आमची अख्खी वस्ती उभी होती. वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक घर त्यांनीच बांधलेलं, आणि बांधताना डोक्यात एकच गोष्ट : पाडायला आले तर त्याआधी आपण हे उतरवायचं कसं.

आमची जागा कागदावर झुडपी जंगल. प्रत्यक्षात जंगल म्हणजे बोरीची काटेरी झुडपं, एक पळस, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी शेजारच्या वीज केंद्राची राख. पण कागदावर जंगल, म्हणून पक्की वीट लावायची नाही, नळ मागायचा नाही, मीटर तर नावच नको. त्या कागदावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच प्राणी मी पाहिला, तो म्हणजे बिबट्या. तो आपलं जंगल समजून बिनधास्त यायचा आणि कुत्रं उचलून न्यायचा.

भाऊ बिबट्याला भीत नव्हते. "बिबट्याले टिन वाजवून हाकलता येते, बाई," म्हणायचे. "मशीनले काय वाजवता?"

मी तिथे ब्लाऊज शिवायची, अजूनही शिवते. नवरा ठेकेदाराकडे कामाला. आम्ही वस्तीत आलो तेव्हा नवऱ्यानं हौसेनं पत्रे, लाकडी बल्ल्या आणि पिशवीभर खिळे आणले होते. भाऊ आले, त्यांनी एक खिळा बल्लीतून उपसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा ठेवा तुमच्यापाशी. घराले नाई लावाचा."

"काऊन? खिळ्याशिवाय घर उभं राह्यते काय?" माझी जीभ तेव्हाही अशीच तिखट.

"राह्यते. बांधून राह्यते."

भाऊ मूळचे आरमोरीकडचे ढिवर. तळ्यात मासोळी धरणारा, जाळं विणणारा माणूस. तीच बोटं आता बांबू आणि पत्र्यांवर चालायची. एक दोर छतावरून फिरवून त्याचं टोक दाराशी सोडायचे. टोक ओढलं की सगळ्या गाठी सुटत आणि पत्रे एकामागून एक खाली सरकत. सगळ्या सुरगाठी. घट्ट, पण एका झटक्यात सुटणाऱ्या. मी म्हटलं, एखादी तरी पक्की गाठ मारा हो, वारावादळ आहे. तर मान हलवून म्हणाले, "निरगाठ मालकाची, बाई. आपली सुरगाठ."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की शिवताना दोऱ्याला गाठ मारली तरी आठवायचं.

त्यांचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर उडवून लावायचे. "नाव कायले पाह्यजे? हाक मारा, येतो. नाव सांगतलं का कोणी ना कोणी लिहून घेते." वस्तीतल्या लेकरांना त्यांनी एक वाक्य शिकवून ठेवलं होतं. साहेबासारखा माणूस आला आणि विचारलं, हे घर कोणाचं, तर म्हणायचं, "माहीत नाई साहेब, मी असाच उभा होतो." पाढे येण्याआधी पोट्ट्यांना हे वाक्य यायचं. माझ्या पोरीनं तर एकदा खुद्द आपल्या मामाला हेच उत्तर दिलं. हसून हसून पोट दुखलं आमचं.

हसायचो, पण भाऊंची टर उडवायची हिंमत कोणात नव्हती. एकदा धाब्यावर बोअर मारायला गाडी आली होती, तर भाऊंनी आमची अख्खी ओळ उतरवून ठेवली. माझी चूल उघड्यावर, वर आभाळ, चुलीवर चहा उकळतोय, आणि मी कंबरेवर हात ठेवून भाऊंना शिव्या घालतेय. त्यांनी मुकाट्यानं पुन्हा सगळं बांधून दिलं. आणि थोड्याच दिवसांत खरोखरची पाडणारी मशीन आली. पिवळी, दात विचकलेली. मागे गाडीभर माणसं. ती वस्तीत पोचली तेव्हा तिथे घरच नव्हतं. पत्र्यांचे ढीग, गुंडाळलेले बांबूचे तट्टे, आणि गाठोड्यांवर बसलेल्या आम्ही बाया. मशीनवाला आमच्याकडे पाहतो, साहेब मशीनवाल्याकडे पाहतो.

"पाडू काय साहेब?" त्यानं विचारलं.

आता पाडणार काय, कपाळ? तास-दीड तास उन्हात उभे राहून ते परत गेले. संध्याकाळी वस्ती पुन्हा जागेवर. त्या दिवशी पळसाखाली बसून आम्ही भाऊंना जेवायला वाढलं. जेवतानाही ते नाल्याच्या वळणाकडेच पाहत होते. मी विचारलं, "झालं न आता भाऊ, गेले ना ते. अजून कायचा भेव?"

तेव्हा एकदाच बोलले. शहराच्या दुसऱ्या अंगाला त्यांचं घर होतं, मातीच्या भिंतीचं. छत खिळ्यांनी ठोकलेलं, चांगलं मजबूत. मशीन आली तेव्हा बायको कोंबड्यांची टोपली आणायला आत गेली. "पत्रे तरी वाचवू म्हणून मी वर चढलो होतो, बाई. खिळे उपसून राह्यलो होतो. मीच ठोकले होते, निघत नव्हते. तिकडून भिंत बसली, बायको आतच राह्यली." त्यांच्या ताटातला भात तसाच राहिला.

मग एक दिवस बातमी आली की जागा खुली झाली. झुडपी जंगलाचा शिक्का निघाला, आता इथल्या लोकांना जागेचे पट्टे मिळणार आणि पट्ट्यावर पक्कं घर. नगरसेवक येऊन सांगून गेला : मोजणीवाले येतील त्या दिवशी घर उभं पाहिजे आणि घरवाला दारात पाहिजे. बस्स. जे उभं दिसेल ते तुमचं.

बायांनी पेढे वाटले. भाऊंनी पेढा घेतला, हातातच धरून बसले.

"आजवर घर दिसलं का पाडत होते," ते म्हणाले. "आता दिसलं तरच देतात मंता?"

"होय भाऊ. कायदाच तसा झाला."

"मंग उतरवाचं नाई?"

"अजिबात नाई! माह्यी आण हाय तुमाले. दोराले हात लावाल तं मी बोलणार नाई तुमच्यासंग."

ते हो म्हणाले. पण मला त्यांचे डोळे दिसत होते. भीती मलाही होतीच, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं लपून राहायची सवय. आता म्हणे दिसा!

मोजणीच्या दिवशी आम्ही धुतलेली लुगडी नेसून दारात उभ्या. आणि नाल्याच्या वळणावर डिझेल घुरघुरलं. झालं होतं असं की नाल्यावरचा रस्ता खचलेला, मोजणीवाल्यांची जीप निघेना, म्हणून मुरूम टाकायला कोणीतरी मशीन बोलावली. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त ते पिवळं डोकं बोरींच्या वर दिसलं.

मी भाऊंच्या घराकडे पाहिलं तर घर नव्हतं. पत्रे अजून खणखणत होते.

आणि भाऊ धावत होते. त्या वयात, अनवाणी, आमच्या ओळीतून. "डिझल! डिझल येऊन राह्यलं! सामान काढा!" करत एकेका दारातलं टोक ओढत चालले होते. एक घर गेलं, दुसरं गेलं, बाया किंचाळल्या. माझं टोक मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "भाऊ, सोडा! मोजणीचे लोक हायेत ते!" तोवर मी कधी इतक्या जवळून त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. ते मला ओळखत नव्हते. "आत कोणी हाय काय?" एवढंच विचारत होते. "आत कोणी हाय काय, बाई?"

मी त्यांचे खांदे धरून गदगदा हलवले. "कोणी नाई आत! कोणी नाई! पण बांधा आता, भाऊ. नाईतं सगळ्यांची जागा मोकळी लिहितील!"

मोजणीवाले वस्तीच्या दुसऱ्या टोकाला उतरून फिता लावत होते. त्यांची मोजणी निवांत, आमचा जीव टांगणीला. भाऊंना भान आलं. ते वळले आणि पडलेल्या पहिल्या घराला भिडले. ती बोटं मी कधी विसरणार नाही. आम्ही पत्रे उचलून धरायचो, ते गाठी मारत पुढे सरकायचे. छतं तिरपी, तट्टे वाकडे, पण घर उभं. "तुमचं बांधा आधी!" मी ओरडले. त्यांनी ऐकलं नाही. ज्यांची त्यांनी पाडली त्यांची आधी उभी केली, आणि स्वतःच्या जागेशी पोचले तेव्हा मोजणीवाली तिथे उभीच होती.

तरुण पोरगी होती. घामानं थबथबलेली, स्वभावानं चांगली. तिनं बांबू पाहिले, पत्र्यांचा ढीग पाहिला.

"हे कोणाचं आहे?"

आम्ही सगळ्याच ओरडलो, "भाऊंचं! या भाऊंचं!"

"त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे. आजोबा, तुमचं घर आहे का हे? घाबरू नका. तुमचं असेल तर सांगा, मी थांबते. उभं करा, मग लिहिते."

हो म्हणायचं होतं. फक्त हो. मी त्यांच्या शेजारी उभी होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. नाल्याकडे मशीन अजून धडधडत होती.

भाऊंनी हात जोडले. "माहीत नाई साहेब," ते म्हणाले. "मी असाच उभा होतो."

"भाऊ! काऊन खोटं बोलता?" मी त्यांना चिमटा काढला, खरंच काढला. मोजणीवालीनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता. ती लिहून पुढे गेली. यादी लागली तेव्हा भाऊंची जागा मोकळी होती.

मी सोडते काय? हरकतीचा अर्ज द्यायला मी त्यांना घेऊन मोजणीच्या ऑफिसात गेले. ऑटोत बसवलं, वाटभर घोकून घेतलं, "घर माह्यं हाय, मीच राह्यतो." म्हणत होते बिचारे. फाटकापर्यंत आलो आणि नेमकी लाइट गेली, ऑफिसचा डिझेल जनरेटर सुरू झाला. भाऊ जागच्या जागी वळले. मी हाका मारत मागे, ते पुढे. चिडले मी, भर रस्त्यात रडले. आजही त्यांच्यावर चिडते. अहो, भ्यावं माणसानं, पण इतकं?

पट्टे मिळाले. आमच्या ओळीत खांब उभे राहिले, भिंती आल्या, स्लॅब पडली. मधल्या एका तुकड्यावर भाऊंचं बांधलेलं घर तेवढं राहिलं. जो तो म्हणायचा, राहू द्या भाऊ, कोण काढतो तुम्हाला? पण भाऊंचं तेच : इंजिन वाजलं की हात दोरावर.

माझं घर झालं तेव्हा ते दोरी घेऊन आले. माझ्या नव्या खांबापासून पळसापर्यंत त्यांनी कपडे वाळवायला दोरी बांधून दिली. खांबाशी बराच वेळ वाकून होते. मी जवळ जाऊन पाहिलं, तर गाठ वेगळी होती.

"ही कोणती, भाऊ?"

"निरगाठ," ते म्हणाले. "मालकीण झाल्या न तुमी."

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी त्यांचा तुकडा रिकामा दिसला. बांबू नाही, पत्रे नाहीत. बांबूंचे खड्डेसुद्धा मातीनं बुजवून सारखे केलेले. कोणी म्हणतं आरमोरीकडे गेले. कोणी म्हणतं भद्रावतीच्या बाहेर एक नवी वस्ती पडलीय, तिथे घरं बांधून देतात. मी जाऊन आले. दारं पाहिली, दोर पाहिले. एका पोट्ट्याला विचारलं, बाबू, हे कोणी बांधलं रे? तो म्हणाला, "माहीत नाई बाई, मी असाच उभा होतो."

मी तशीच परत फिरले.

परवा दुपारी मी शिवत बसले होते आणि नाल्याच्या वळणावर डिझेल घुरघुरलं. पिवळं डोकं वर आलं. माझा उजवा हात दाराकडे गेला, तर तिथे सिमेंट. टोकच नाही. स्लॅब कशी उतरवतात हो? पोरगी आत झोपलेली. मी बाहेर धावले आणि खांबाशी भाऊंची ती निरगाठ सोडवायला लागले. तीच का, मला माहीत नाही. दुसरी गाठच नव्हती घरात. नखं तुटली, दातांनी ओढून पाहिलं, गाठ हलेना.

मशीन आमच्याच नळासाठी चर खोदून परत गेली. मी तोवर खांबाशीच होते.