कडू लागलं तर सांगा

सांवेर रोडवरच्या रंगाच्या कारखान्यात त्या दिवशी मास्क तोंडावर नीट बसतो की नाही, याची तपासणी होती. परदेशी गिऱ्हाइकाची अट. नाहीतर मालकाला मजुरांच्या छातीची काळजी कधी होती?

मार्तंडराव जगदाळे रांगेत सर्वांत पुढे होते. मास्क चढवला, वरून खांद्यापर्यंत तोंड झाकणारी प्लास्टिकची टोपी घातली आणि सेफ्टीवाल्या सुरभी मॅडमनी तिच्यात कडू औषधाचा फवारा सोडला.

"काकाजी, जरासंही कडू लागलं तर लगेच सांगा, हां. मास्क बदलून देऊ."

कडू लागलं. दाढा पडून गाल बसलेले, तिथूनच फवारा आत शिरला. म्हणजे उद्यापासून रंगाची भुकटीही तिथूनच शिरणार.

मार्तंडरावांनी कडू थुंकी गिळली. आधीच्या कापडगिरणीतही असाच गोड बोलणारा डॉक्टर आला होता. खोकला येतो का, म्हणाला. वीस वर्षं कापसाची धूळ गिळलेले मार्तंडराव भोळेपणाने हो म्हणाले, आणि छाटणीच्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव लागलं. पुढे गिरणीच बंद पडली, पण खरं बोलणारे आधी बाहेर पडले.

"काही लागलं?"

"कुछ नहीं मॅडम. एकदम बढिया."

मागचे तेराही जण गिरणीतलेच. त्यांनीही हेच उत्तर दिलं. असा शंभर टक्के निकाल कुठेच पाहिला नाही, असं सुरभी मॅडम मालकाला कौतुकाने सांगत होत्या, तेव्हा बाहेरच्या नळावर चौदाही जण चुळा भरत होते.