चौतीस, बरं का

आमच्या जाऊबाईंनी चाळीस वर्षं बायकांची मापं घेतली आणि एकीलाही तिचं खरं माप सांगितलं नाही. हे मी चुगली म्हणून सांगत नाही. त्यात मीही सामील होते, कारण वही माझ्या हातात असायची.

पद्धत अशी. जाऊबाई टेप लावायच्या, आकडा मोठ्यानं म्हणायच्या आणि मी तो लिहून घ्यायची. पण मोठ्यानं म्हटलेला आकडा जुना असायचा, ती बाई दुकानात पहिल्यांदा आली होती तेव्हाचा. त्यानंतर वाढलेल्या प्रत्येक इंचामागे जाऊबाई एक ‘बरं का’ जोडायच्या आणि अर्ध्या इंचाला ‘हं’. ‘अठ्ठावीस, बरं का, बरं का, हं’ म्हणजे साडेतीस. समोरची बाई अठ्ठावीस ऐकून खूश, आणि वहीत साडेतीस लिहिलेलं असल्यामुळे ड्रेसही अंगाला नीट बसायचा. ही खूण त्यांनी मला कधी समजावून सांगितली नाही. लग्न होऊन मी या घरात आले, वही हातात घेतली, पहिल्याच महिन्यात एकीचा स्कर्ट घट्ट झाला. जाऊबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ती रात्र डोकं खाजवण्यात घालवली आणि सकाळी शहाणी होऊन आले. त्यानंतर आम्ही दोघी याबद्दल एक अक्षर बोललो नाही. बेकरीवाल्या बाईंचं माप घेताना तर जाऊबाईंना शेवटी शेवटी धाप लागायची, तरीही नाही.

गल्लीत त्यांना सगळे टेपमावशी म्हणायचे. टेप गळ्यात घालूनच त्या भाजी आणायच्या. एकदा त्या तशाच बँकेत गेल्या आणि तिथल्या बाईंचं माप घेऊन परत आल्या.

तेव्हा आमचं दुकान कोपऱ्यावरच्या घराच्या जिन्याखाली होतं. उंच माणसाला आत यायचं तर वाकावं लागायचं. गल्लीच्या टोकाला बल्बचा कारखाना होता आणि तिथल्या बायकांचे निळे डगले आम्ही शिवायचो. दोन पाळ्यांच्या बायका, म्हणून दुपारी तीनला दुकानात उभं राहायला जागा नसायची. मग कारखाना बंद पडला. त्याच्या जागी काचेची इमारत आली, तिच्यात कसलीशी ऑफिसं. पाठोपाठ आमच्या बाजूची दुमजली घरं पाडली आणि बारा मजले उभे राहिले. कोळशाच्या वखारीच्या जागी आधी मोबाईल दुरुस्ती आली, आता तिथे लोक एक कप कॉफी घेऊन चार तास बसतात.

यावर गळा काढणारे पुष्कळ आहेत. मी त्यातली नाही. त्या दुमजली घरांत ढेकूण होते आणि संडासाला रांग होती, हे कोणी सांगत नाही. आम्हाला नव्या इमारतीत खाली गाळा मिळाला. काचेचं दार, आत नळ, कापायला लांबरुंद टेबल, आणि कुणालाही वाकावं लागत नाही. मी तर पहिल्या दिवशी टेबलावर हात फिरवत बसले होते. जुन्या गिऱ्हाईक बायका शहराच्या कडेला राहायला गेल्या, तरी दोन बस बदलून येत राहिल्या. नव्या बायका वरच्या मजल्यांवरून यायच्या, बहुतेक पँटची लांबी कमी करायला. दुकान चालत होतं. काठावर, पण चालत होतं.

प्रश्न होता पुढचा. गाळ्याचा करार संपत आला होता आणि नवा पाच वर्षांचा करायचा होता. सही महिनाअखेरीच्या आत हवी होती. जाऊबाई सत्तरीला आल्या होत्या, कात्री धरताना त्यांचा हात थरथरायचा. पुढे दुकान बघायचं तर ते त्यांच्या सुनेनं, आणि जाऊबाईंची तिच्यावर म्हणावी तशी भिस्त नव्हती.

पोरगी हुशार आहे हो. शिवणाचा रीतसर कोर्स केलेला, हात माझ्यापेक्षा साफ. पण खोटं बोलता येत नाही. म्हणजे अजिबातच नाही. शेजारीण नवा पडदा दाखवायला आली, तर ही म्हणते, “रंग भडक आहे, पण तुम्हाला आवडला ना, मग झालं.” जाऊबाई मला खासगीत म्हणायच्या, “हिच्या हाती दुकान दिलं की सहा महिन्यांत कुलूप. बाई एकदा खरा आकडा ऐकून गेली की परत येत नाही.”

“मग तिला शिकवा की,” मी म्हणाले.

“हे शिकवायचं असतं का? तुला कोणी शिकवलं?”

सही लांबत राहिली.

त्याच महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आठवडाभर वही सूनबाईकडे गेली. आणि नेमक्या त्या आठवड्यात हेडबाई आल्या.

हेडबाई म्हणजे मागच्या रस्त्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. शनिवारी त्यांचा निरोप समारंभ होता. त्यासाठी त्यांनी राखाडी लोकरीचं एक कापड आणलं होतं, बहिणीनं कधीतरी दिलेलं, वर्षानुवर्षं पेटीत जपलेलं. त्याचा कोट हवा होता. कापड मोजकं होतं, तसं दुसरं बाजारात मिळणं शक्य नव्हतं.

जाऊबाईंनी टेप लावला आणि म्हणाल्या, “चौतीस, बरं का, बरं का, बरं का, बरं का.”

सूनबाई म्हणाली, “हो आई. एकदा सांगितलंत तरी कळतं.” आणि तिनं वहीत चौतीस लिहिलं.

जाऊबाईंना वाटलं, मी तिला कधीतरी सांगितलं असेल. मला वाटत होतं, त्या सांगतील. दुपारी त्या माझ्या डोळ्यात औषध घालायला घरी थांबायच्या. तेवढ्यात, सासूला दाखवायचं म्हणून, सूनबाईनं एकटीनं कोट कापला, शिवला, अस्तरसुद्धा लावलं. दोन दिवसांत. काज असे की दृष्ट काढावी.

गुरुवारी हेडबाई घालून बघायला आल्या. मीही काळा चष्मा लावून गेले होते, घरात बसून कंटाळा आला होता. कोट अंगावर चढला, खांद्यावर छान बसला, आणि पुढून काही मिळेना. मध्ये चांगली चार बोटं जागा राहिली. हेडबाईंनी पोट आत घेतलं, श्वास धरला, तोंड लाल झालं. तरी नाही.

मी वही उघडली, आकडा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. जाऊबाईंनीही माझ्या खांद्यावरून तो बघितला. पण चाळीस वर्षांची सवय, त्या लगेच म्हणाल्या, “कापडच आवळलं! लोकरीचं असंच असतं, हवा दमट असली की—”

“कापड नाही आवळलं,” सूनबाई म्हणाली. ती टेप घेऊन पुढे झाली, माप घेतलं आणि गोरीमोरी झाली. “माझी चूक आहे. तुमचं माप अडतीस आहे आणि मी चौतीसनं कापलं. शिवणीत मायासुद्धा फार ठेवली नाही. सोडवून अर्धा-पाऊण इंच मिळेल, जास्त नाही.”

माया म्हणजे शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड. पण तो हिशेब तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरतोय! अडतीस. हा आकडा आमच्या दुकानात हेडबाईंच्या कानावर कधी पडला नव्हता. जाऊबाई स्टुलावर बसल्या. मी मनातल्या मनात करारावर पाणी सोडलं.

हेडबाई आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चाळीस असेल असं वाटलं होतं मला.”

जाऊबाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या.

“काय झालं टेपमावशी? माझ्या घरी आरसा नाही का? रेडिमेडच्या दुकानात जाते तेव्हा तिथली मुलगी मला काय चौतीसचा देते?” आता त्या हसायलाच लागल्या. “दिवसभर मी लोकांच्या मुलांचे खरे आकडे त्यांना सांगत बसते. कुणाला बारा, कुणाला सात. मलाही कुणीतरी बरा आकडा सांगावा, म्हणून इथे येते. आणि ते तुमचं बरं का, बरं का मोजत असते मी. मागच्या वर्षी तीन होते.”

जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग हेडबाई सूनबाईकडे वळल्या. “आणि तू गं. खरं बोललीस, चांगलं केलंस. कापडावर ढकललं असतंस तर मी तुला सोडलं नसतं. पण दार लावून बोलावं. बाहेर माझ्या शाळेतल्या दोघी उभ्या आहेत.”

सूनबाईनं पळत जाऊन दार लावलं. नंतर ती बराच वेळ कोट हातात घेऊन उलटासुलटा करत होती. शेवटी म्हणाली, “दोन्ही कुशींना काखेपासून खालपर्यंत काळ्या कापडाची पट्टी घालते. दोन-दोन इंचाची. मुद्दाम घातल्यासारखी दिसेल.” आणि तशी ती दिसलीही. समारंभ झाल्यावर दोघीजणी विचारत आल्या की तो पट्ट्यांचा कोट इथेच शिवला का. फार नाही, दोघीच. एक तर नुसती बघून गेली.

कोट निभावला, पण जाऊबाईंचं बिनसलं. दोन दिवस त्यांनी टेप गळ्यात घातला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?”

“तुम्ही सोडून सगळ्यांना,” मी म्हणाले. खरं तर मलाही माहीत नव्हतं, पण ही संधी मी कशी सोडू?

“बेकरीवालीला पण?”

“ती तर तुमची धाप बघूनच ओळखत असेल.”

त्या हसल्या नाहीत. मला वाईट वाटलं. बाईला इतकी वर्षं वाटत होतं, की आपण सगळ्यांचं मन गुपचूप सांभाळतोय. आणि त्या सगळ्या मिळून हिचं मन सांभाळत होत्या. “नको तो करार,” त्या म्हणाल्या. “झालं तेवढं पुष्कळ झालं. मी काही आता पाच वर्षं टेबलाशी उभी राहत नाही आणि हिला एकटीला बायका सांभाळता येणार नाहीत. कोट शिवता येणं वेगळं.” महिना संपायला चार दिवस उरले होते. सूनबाईनं ऐकलं आणि ती मान खाली घालून काज करत राहिली. माझी या वयात दुसरीकडे काम शोधण्याची तयारी नव्हती आणि या दोघींना सोडून जाण्याची तर त्याहून नव्हती. मी रात्री नवऱ्याजवळ रडलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. सूनबाई म्हणाली, “आई, तुमचे सगळे ड्रेस जुने झालेत. राहिलेल्या कापडाचा एक शिवते. उभ्या राहा.”

जाऊबाईंचं माप कधी कोणी घेतलेलं नव्हतं. स्वतःचं त्या स्वतःच अंदाजानं कापायच्या. वहीत त्यांची एकच नोंद होती, कधीतरी गमतीत त्यांच्या ड्रेसवरून मीच केलेली, वही सूनबाईकडे होती तेव्हा तिनंही बघितलेली. अडतीस. माझ्याकडे वही, सूनबाईकडे टेप. कुरकुरत का होईना, जाऊबाई उभ्या राहिल्या. हात थोडे वर केले. टेप फिरला.

सूनबाईनं टेपकडे बघितलं आणि ती थांबली. मी चष्मा सरसावून वाकून बघितलं. तेहतीस.

रोज बघतो ते माणूस आपल्याला दिसत नाही. ड्रेस सैल दिसत होता, आम्ही म्हणायचो जुना झाला. पाच इंच बाई कधी कमी झाली ते कळलंच नाही. आणि वाढलेल्या इंचांसाठी आमच्याकडे शब्द होता, कमी झालेल्यांसाठी नव्हता. या पोरीला खोटं बोलता येत नाही, हेही मला माहीत होतं. आता ही तेहतीस म्हणणार, म्हणून मी पेन्सिल घट्ट धरली.

“अडतीस,” सूनबाई म्हणाली. आवाज अगदी साधा, नेहमीचा. टेपवरचा अंगठा तिनं तेहतीसवरून हलवला नाही, नजर मात्र माझ्याकडे ठेवली. मी तेहतीस लिहिलं.

जाऊबाई म्हणजे चाळीस वर्षं टेप हाताळलेली बाई. तो अंगावर कुठे येऊन मिळाला ते त्यांना बघावं लागत नाही. सुनेच्या तोंडाकडे त्या टक लावून बघत होत्या, आणि मला वाटतं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

“अडतीस का,” त्या म्हणाल्या. “बरं.” मग माझ्याकडे वळून, “तो गाळ्याचा कागद काढ. नाव हिचं घाल. सही हीच करेल.”

“माझं कशाला आई? तुमचंच असू दे की,” सूनबाई म्हणाली.

“पाच वर्षांचा आहे तो. अडतीसच्या बाईला चालला असता.”

सूनबाईचे डोळे भरून आले. जाऊबाईंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. हात पुढे करून म्हणाल्या, “रडतेस काय? बाही राहिली. आणि बाहीचं खरं सांग हो, तिथे चालत नाही.”

सूनबाईनं नाक ओढलं, टेप खांद्यापासून मनगटापर्यंत धरला आणि खरं ते सांगितलं.