उदबत्तीवाले साळवे

योसेफ साळव्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शिडीवर चढून छताला उदबत्त्यांचा जुडगा दाखवत होते. सुप्याच्या कारखान्यात, खरेदी विभागात, मी नुकतीच रुजू झाले होते. कामाच्या वेळी पॅकिंगच्या हॉलमध्ये ही पूजा कसली, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"मॅडम, मी चर्चला जानारा मानूस," ते वरूनच म्हणाले. "ही उदबत्ती देवाला न्हाई, ह्या डबीला हाय."

ती पांढरी डबी म्हणजे धूर ओळखणारं यंत्र. भोंगा असा कोकलला की माझ्या हातातली फाईल पडली. पॅकिंगच्या बायका हसल्या. साळवे हसले नाहीत. त्यांनी वहीत खूण केली आणि शिडी पुढे सरकवली. हॉलमध्ये अशा अठरा डब्या होत्या. दर महिन्याला ते प्रत्येकीला धूर दाखवत. एखादी वाजली नाही तर ती उतरवून जाळीतली पुठ्ठ्याची धूळ ब्रशने झाडत. "गप हाय म्हंजी बरी हाय असं न्हाई," ते म्हणत. "बोलवून बघायचं."

बायकांना ते भिंतीवरच्या लाल पेटीपाशी उभं करत. "धूर दिसला तर सायबाला इचारायला जायाचं न्हाई. काच फोडायची."

"मामा, उगाच फोडली तर पगारातनं कापत्याल की," मंगल म्हणाली. ती त्यांच्यातली सर्वांत बोलकी.

"माझं नाव सांग. साळव्यानी सांगितलं म्हन."

साळव्यांचा करार देखभालीचा होता. दुसरा करार पुण्याच्या एका कंपनीशी होता. आमचा भोंगा वाजला की तिथल्या पडद्यावर इशारा उमटायचा, आणि तिथला माणूस अग्निशमन दलाला आणि आम्हाला फोन करायचा. बस, एवढंच. आमच्या व्यवस्थापकांना मात्र हे एकाच कामाचे दोन करार वाटत. "पुण्यात चोवीस तास माणसं लक्ष ठेवून आहेत, मग हा शिडीवाला कशाला?" त्यांनी मला टिपण करायला सांगितलं. मी त्यासाठी हॉलमध्ये पाऊलही न टाकता दोन्ही कागद शेजारी ठेवले, 'सेवांचं स्वरूप सारखंच' असं लिहिलं आणि सही केली.

साळवे माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, पुन्याची पोरं फोन राखत्यात. भोंगा वाजला तर ती धावतील. पन भोंगा वाजंल का, ते कोन बघनार?"

"वायर तुटली तर त्यांना कळतं, साळवे. मी विचारलंय."

"वायर तुटल्याली कळंल. डबीचं नाक बुजल्यालं न्हाई कळायचं."

मला वाटलं, माणूस पोटासाठी बोलतोय. आषाढात त्यांचा करार संपला.

दसऱ्याआधी कारखान्याला रंग दिला. रंगारी दरवर्षी त्या डब्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधत आणि रंग वाळला की साळवे त्या काढत. यंदाही पिशव्या बांधल्या गेल्या. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार घातले, नारळ फुटले, आणि त्या अठरा पिशव्यांखाली उभं राहून आम्ही पेढे खाल्ले. वर कुणी पाहिलं नाही. पुण्याहून दर आठवड्याला अहवाल येत होता: सर्व सुरळीत. तो खोटाही नव्हता. तारा शाबूत होत्या.

दिवाळीनंतर एका दुपारी, बायका जेवायला बसल्या असताना, पुठ्ठ्याच्या थप्पीमागे आग लागली. धूर छताला भिडला तरी भोंगा गप्प. मंगलला जळका वास आला. ती धावत गेली आणि लाल पेटीची काच कोपरानं फोडली. भोंगा वाजला, बायका बाहेर पडल्या, पुण्याचा फोनही लगेच आला. अर्धा हॉल जळाला. मंगलच्या कोपराला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत पुण्याच्या कंपनीचं अभिनंदन झालं. मंगलचं नावही निघालं नाही. मग व्यवस्थापक माझ्याकडे वळले. "डब्या का वाजल्या नाहीत, याचा साळव्यांकडून खुलासा मागवा. निष्काळजीपणा, असं स्पष्ट लिहा."

चार महिन्यांपूर्वी ज्याला दाराबाहेर काढलं, त्याचा निष्काळजीपणा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, त्यांना काढायचं टिपण माझं आहे. मंजुरीची सही तुमची आहे."

"सांगितलंय तेवढं करा."

तेवढं मी केलं नाही. दुसरंच पत्र लिहिलं. माझं टिपण कसं चुकलं, पिशव्या कोणी बांधल्या, आजवर त्या कोण काढत होतं, काच कोणाच्या सांगण्यावरून फुटली, सगळं लिहिलं आणि थेट मालकांकडे पाठवलं. व्यवस्थापक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण खुलासा मागवणं रद्द झालं आणि देखभालीचा नवा करार करायचं ठरलं.

त्याचा मसुदा आणि माझ्या पत्राची प्रत घेऊन मी नगरला साळव्यांच्या घरी गेले. गुडघे गेलेत, आता शिडी जमायची नाही, असं त्यांनी दारातच सांगितलं. मी त्यांची कधी माफी मागितली नव्हती. ती मागितली. त्यांनी ऐकून घेतली, चष्मा लावला आणि दोन्ही कागद ओळीवर बोट ठेवून वाचले.

"माझं नाव राखलं, बरं केलं," ते म्हणाले आणि मसुदा माझ्यापुढे धरला. "पन मॅडम, पिशवी कोन काढनार, ते ह्यात कुठं लिवलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांच्या ओट्यावर बसूनच मी पेन काढलं.