एका गाडीची तीन टोकनं

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका छोट्या ऑफिसात मी वेब ॲप बनवते. दोन वर्षांपूर्वी मारेगावकडच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, काम आलं. कापसाची गाडी फाटकावर आली की तिथे बसणाऱ्या वजनकाट्यावरच्या म्हाताऱ्या चाचांनी टॅबवर गाडीचा नंबर टाकायचा आणि बटण दाबायचं. माझं पान सर्व्हरला HTTP रिक्वेस्ट पाठवणार, उत्तरात रांगेतल्या टोकनचा नंबर येणार. एवढंच काम. ऑफिसात ते डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं.

पहिल्याच आठवड्यात जिनिंगच्या मॅनेजरचा फोन आला. एकाच गाडीला तीन टोकनं निघाली होती. त्यातला बेचाळीस नंबर पुकारला तर कोणी पुढे येईना, आणि रांगेत भांडण लागलं. "चाचा घाईत दाबत असतील," असं मी म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र बस पकडली.

चाचा साठीचे, सारी उमर वजनकाट्यावर गेलेली. मी त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसले. ट्रॅक्टर आला. त्यांनी नंबर टाकला, बटण दाबलं. पान जसंच्या तसं. नेटवर्कची एकच काडी. थोडं थांबून त्यांनी पुन्हा दाबलं.

"चाचा, दोनदा काहून दाबता?"

"बेटा, हे काही बोलतच नाही. गेलं का नाही गेलं, मले कसं समजन?"

मला लाज वाटली. रिक्वेस्ट निघते आणि उत्तर येतं, त्यामधला वेळ मी पानात धरलाच नव्हता. आधी मॅनेजरला जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. मग लॅपटॉप उघडला.

एकदा दाबलं की बटण बंद व्हावं, उत्तर आलं नाही तर तसं सांगून पुन्हा सुरू व्हावं. पण टोकन निघालं आणि उत्तरच वाटेत हरवलं तर? म्हणून प्रत्येक गाडीच्या रिक्वेस्टसोबत एक वेगळी खूण जोडली. सर्व्हर बघणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला, "तीच खूण परत आली तर नवा नंबर नको, आधीचाच पाठव."

"चाचा, उत्तर येईपर्यंत पडद्यावर काय लिहू? कृपया प्रतीक्षा करा?"

"असं कोण बोलते इथं? लिव्ह, पाठवून राह्यलो, थांबा."

तेच लिहिलं. दुपारनंतर नेटवर्क पुन्हा रेंगाळलं. चाचांनी एकदा दाबलं, पडद्यावरची अक्षरं वाचली आणि बोट मागे घेतलं.

"थांब भाऊ, जाऊन राह्यलं," त्यांनी खिडकीतून ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं. जरा वेळानं नंबर आला, एकच, सत्तावन्न.