सव्वादोन तासांची दिल्ली

तिकिटावर छापलं होतं: हैदराबाद ते दिल्ली, सव्वादोन तास. बाबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि आईला म्हणाले, "एकच शिदोरी बांध वं. दोन तासांत पोचते पोरगी."

बाबा वांकिडीच्या, तेलंगणात पण महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आमच्या गावच्या, बाजारात भाजी विकतात. आमच्याकडे वाट जेवणांवर मोजतात: नागपूर एका जेवणाचं, हैदराबाद दोन जेवणांचं. पण छापलेलं दिसलं की त्यांचा स्वतःच्या मोजमापावरचा विश्वास उडतो.

मुलाखत दिल्लीच्या एका संस्थेत होती. खेड्यांतल्या शाळांसाठी ते शिक्षक निवडतात. घरात मी पहिली पदवीधर. हीच नोकरी मला हवी होती. तिकीट संस्थाच पाठवणार होती. मी फोनवर विनवलं, "मॅडम, हमको नागपुर पास पड़ता है."

"आपका स्टेट तेलंगाना है ना? तो हैदराबाद से आइए. दो घंटे की तो बात है. और तीन बजे के बाद इंटरव्यू नहीं होगा."

पहाटे पाचला निघाले. आसिफाबादपर्यंत बस, तिथून बेल्लमपल्लीला दुसरी बस, मग सिकंदराबादची रेल्वे. शिदोरी काझीपेटच्या आधीच संपली. मुक्काम मावशीकडे. दुसऱ्या सकाळी विमानतळाची बस. तिथल्या एका चहाच्या पैशात आमच्याकडे दोघांचं जेवण होतं. त्यात विमान दोन तास उशिरा सुटलं.

उडाल्यावर अर्ध्या तासात मोबाइलमध्ये उतरवलेल्या नकाशावरचा निळा ठिपका आसिफाबाद जिल्ह्यावरून सरकू लागला. माझ्याच जिल्ह्यावरून! काल दिवसभर खाली दक्षिणेला गेले, ते आज पुन्हा इथूनच वर जायला? राग इतका आला की पहिल्या विमानप्रवासाचा आनंदच विसरले.

तीनला दहा मिनिटं असताना धापा टाकत पोचले. समोरचे सर हसले, "हैदराबाद से दो घंटे में आई हो, इतनी थकी क्यों?"

"सर, मैं कल सुबह पाँच बजे की निकली हूँ. जिन गाँवों में आप टीचर भेजते हैं, उनका रास्ता भी ऐसे ही नापते हैं?"

सरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

येताना त्यांचं परतीचं तिकीट वापरलंच नाही. दिल्लीहून थेट बल्लारशाहची रेल्वे धरली, पुढे राजुऱ्यावरून बस. आमच्या भागातून जाणाऱ्यांनो, हीच वाट धरा.

गेल्या आठवड्यात निवडीचं पत्र आलं. सोबत प्रशिक्षणाचं तिकीट: हैदराबादहून.

मी ते परत पाठवलं. लिहिलं, नागपूरहून द्या, नाहीतर रेल्वेनं येते; पण आधी माझं गाव नकाशावर बघा. अजून उत्तर नाही. जागा गेली तर? रात्री झोप लागत नाही, हे खरं आहे. पण शिक्षकाचं घर कुठे आहे हेही जे बघत नाहीत, त्यांना पोरांची शाळा कुठे आहे ते काय दिसणार?

"काऊन भेतं?" बाबा म्हणाले. "चूक त्यायची हाय. नागपूर म्हटलं तं एक जेवण, रेल्वे म्हटली तं तीन. या खेपेला भाकरी आपल्या मोजणीनं बांधू."