बरड मातीतला मोगरा

निवृत्त होईपर्यंत मी कळंबच्या एका शाळेत भूगोल शिकवला. काळ्या मृदेचा पाठ दर वर्षी येई आणि तो मी थोड्या अभिमानाने शिकवीत असे, कारण ती मृदा आमच्या घरची होती. ती ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि त्यामुळे ती जणू स्वतःची मशागत स्वतःच करते. ही वाक्ये मी इतक्या वेळा उच्चारली की ती तपासून पाहावीत असे मला कधी वाटले नाही.

घर शेतकऱ्याचे असले तरी माझा हात मातीला लागला नव्हता. लहानपणी मी पेरणीची पाभर धरली की ओळ वाकडी जाई. मग माझे मोठे बंधू, दादा, ती हातातून काढून घेत आणि म्हणत, "तू आपली पुस्तकं बघ." त्यात राग नसे. मीही ते निमूटपणे मान्य करून टाकले होते.

निवृत्तीनंतर गच्चीवर चार कुंड्या आणल्या, दोन मोगरे, एक जास्वंद आणि एक तगर. दादांना हे कळले तेव्हा ते गावाकडून दोन पोती माती घेऊन आले. "आपल्या रानातली हाय. बाहेरची माती कशाला विकत आणायची?" त्यांनीच कुंड्या काठोकाठ भरल्या आणि मी कृतज्ञतेने रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातले.

दिवाळीपर्यंत पाने पिवळी पडली. मार्गशीर्षात तगर वाळली.

वेळ अमावस्येला आम्ही सगळे नेहमीप्रमाणे शेतात जेवायला गेलो. भज्जी-भाकरीची पंगत बसली होती, आंबिलीचे पेले फिरत होते, आणि कुणीतरी माझ्या बागेची चौकशी केली. मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात दादा म्हणाले, "सरांच्या कुंडीत आपली माती बी नापास झाली!"

सगळे हसले. मीही हसलो. हशा ओसरल्यावर ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "उरलेली तीन झाडं मला दे. हिरीपाशी लावतो, जगतील तरी. तुझ्याकडं नुसत्या काड्या होतील."

त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते. पण झाडे गेली असती तर हातांनी काही जगवण्याची माझी पहिली आणि बहुधा शेवटची संधीही गेली असती. दादांना मी आयुष्यात क्वचितच नाही म्हटले असेल. त्या दिवशी म्हणालो, "पाडव्यापर्यंत राहू द्या, दादा."

"बरं. पाडव्याला पिकअप घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मी मेलेल्या तगरीची कुंडी उपडी केली. आतून कुंडीच्याच आकाराचा ओला, जड गोळा निघाला. त्यात मुळे काळी पडून कुजली होती. ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते! शेतात जो गुण, तोच त्या वीतभर जागेत मुळांचा श्वास कोंडत होता. मी वर्षानुवर्षे सांगितलेले वाक्य माझ्या मांडीशी पडले होते.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशी धनगर घरातल्या. त्यांनी गोळा पायाने उलटवून पाहिला. "सर, ह्यात ज्वारी येती, मोगरा न्हाय. बरडातली माती आणा. लेंडीखत मी देते." मग जाता जाता म्हणाल्या, "आन् रोजरोज पाणी पाजायला ते काय तान्हं लेकरू हाय व्हय?"

बरड म्हणजे मुरमाड, हलके रान. आमच्या घरी हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जाई. येडशीकडे एका जुन्या सहकाऱ्याचे तसे रान होते. तिथून मी माती आणली, चाळली, तिच्यात जुने लेंडीखत मिसळले. थंडी ओसरताच तिन्ही झाडे नव्याने लावली. मुळे धरल्यावर, मावशींच्या सांगण्यावरून, बहर यावा म्हणून मोगऱ्यांचे पाणी काही दिवस तोडले आणि त्यांची पाने ओरबाडून काढली. पुढे पंधरवडाभर गच्चीवर खरोखरच काड्या उभ्या होत्या आणि मी रोज त्यांच्यापुढे अपराध्यासारखा उभा राहत असे. मग एका सकाळी पेरापेराला हिरवे टोक दिसले.

पाडव्याला दादा आले. जास्वंदीला दोन फुले होती. मोगऱ्यांवर कळ्यांचे झुबके होते, काही उमललेही होते. दादांनी फुलांकडे पाहिले नाही. त्यांनी कुंडीत बोट खुपसले, चिमूटभर माती बोटांत चुरली.

"ही आपली माती न्हाय."

"नाही, दादा. बरडातली आहे. आपली माती कुंडीत चालत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या डोळ्यांत पाहून बोललो. मग कारण सांगितले, पाण्याचे, हवेचे, मुळांचे. दादा कठड्यावर बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तुझ्या वहिनीची तुळस दरसाली जाती. तिला बी आपलीच माती घालतो मी." मी त्यांना घमेलेभर मिश्रण दिले. झाडे नेण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आठवड्याने त्यांचा फोन आला. कुशल विचारणे नाही, काही नाही. "वरनं कोरडं दिसतंय. बोट घातलं तर खाली ओल हाय. तुळशीला पाणी घालू का नको?"

साठ वर्षांत दादांनी मातीतली गोष्ट मला पहिल्यांदाच विचारली होती.

"आज नको," मी म्हणालो. "परवा पुन्हा बोट घालून बघा."

"बरं," दादा म्हणाले.